बारा नोव्हेंबरचं पान

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. साड्या रंगवायच्या कारखान्यात मी मेताजी, म्हणजे हजेरी लिहिणारा कारकून; ही वही म्हणजे तिथलं जुनं मस्टर. प्लेगच्या वेळी सगळे कामगार मिळेल त्या गाडीने पळाले आणि हजेरी लावायला माणूसच उरला नाही, तेव्हा ते कोरं राहिलं होतं. तीन वर्षं कपाटात धूळ खात पडलं होतं, ते मी घरी आणलं. चोरी म्हणायची असेल तर म्हणा. अठरा वर्षांत या कारखान्यातून मी एवढंच उचललं आहे.

निमित्त विठ्ठलरावांचं. नवागामच्या आपल्या मराठी वाचनालयाचे ते सेक्रेटरी, ग्रंथपाल आणि झाडूवाले, सगळं एकटेच. सकाळी सायकल मारत बमरोलीला आमच्याकडे आले. १४ डिसेंबरला भामरे गुरुजींचा स्मृतिदिन आहे, भाषण तुम्ही करायचं, म्हणाले. विषयही ठरवून आणला होता, 'गुरुजींचं जीवन आणि आपण'. आपण म्हणजे कोण, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच की. गुरुजींच्या हाताखाली शिकलेला दुसरा माणूस सुरतेत आहे कोण?"

हे खरं आहे. गुरुजी पुढे मोठे लेखक झाले, पण मी चौथीत होतो तेव्हा ते आमचे मास्तर होते. ते दुष्काळाचं साल. वर्गातली चाळीसपैकी एकतीस पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. मीही त्यांतलाच. वरून हुकूम आला, पट भरलेला दाखवा. गुरुजींनी नाही दाखवला. एकतीस नावांपुढे रोज 'गैरहजर' लिहिलं. चौकशी लागली, तुम्ही आकसाने लिहिता असा आरोप झाला, तेव्हा त्यांनी स्वतःची खासगी वही काढून साहेबापुढे ठेवली. कोणत्या दिवशी कोणतं पोर कोणत्या खाणीवर दिसलं, ते सगळं तिच्यात होतं. आणि त्याच वहीत बायकोशी झालेली भांडणं, बदलीसाठी कुणाचे पाय धरावेत का हा विचार, असलंही सगळं होतं. साहेबाने ते चारचौघांत मोठ्याने वाचलं. गुरुजी ऐकत उभे राहिले. नोकरी गेली ती गेलीच. पुढची पुस्तकं त्यांनी घरच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत बसून लिहिली.

मीही ही वही अशी लिहीन, की उद्या कुणी मागितली तर मान खाली न घालता देता यावी.

बायकोने, जयश्रीने विचारलं, यात माझंबी येणार का? म्हटलं, वरणात मीठ कमी पडेल त्या दिवशी येईल. ती म्हणाली, मग माझं काही येणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीला गावी गेलेली अर्धी माणसं अजून परतली नाहीत. बिल्ला नंबर २१४, सुकदेव, कापूस वेचून होईपर्यंत येत नाही असा निरोप आहे. त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ धुडकू सोमवारपासून जेट मशीनवर, उकळत्या रंगात कापड घोळवायला, उभा आहे. मस्टरमध्ये नाव सुकदेवचंच. इथली रीतच ती. गावी जाणारा आपल्या माणसाला उभं करून जातो, बिल्ला हात बदलतो, नाव बदलत नाही. परत आल्यावर जागा शाबूत. साहेब लोकांना ठाऊक असतं आणि नसतंही. मीही सुरतेत आलो तेव्हा तीन वर्षं 'आनंदा' म्हणून काम केलं. अजून कुणी आनंदा म्हणून हाक मारली की माझी मान वळते.

धुडकू आमच्याच ओळीत, कारखान्याच्या खोल्यांमध्ये राहतो. दोन खोल्या सोडून. बायको पुष्पाबाई, मांडीवर सात महिन्यांचं पोरगं. आज दुपारी पाळीवर येताना हजेरीच्या खिडकीशी थांबला. कोपरापर्यंत हात मरून रंगाचे झालेले. लग्नसराईच्या साड्यांचा माल चालू आहे. म्हणाला, पोरगं हे हात बघून रडतं. मग हसून अहिराणीत म्हणाला, "मेताजी, येकदा तरी मनं नाव लिखा ना तुमना बुकमा. मी रोज येस अन् हजर सुकदेव ऱ्हास."

मी म्हटलं लिहितो. दिलेला शब्द पाळतो आहे. धुडकू. आज हजर. दुसरी पाळी, जेट मशीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल चारच्या सुमाराला जेट मशीनचं झाकण उडालं. उकळता रंग धुडकूच्या अंगावर आला. त्या झाकणाची कडी दिवाळीच्या आधीपासून बसत नव्हती, काथ्या बांधून काम चाललं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

टेम्पोत घालून मीच त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत तो ओरडत नव्हता याचीच जास्त भीती वाटली. खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं. माझ्या हातात त्याचा बिल्ला होता, २१४. तोंडावर 'सुकदेव' आलंच होतं. पण मरायला टेकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावाने खाटेवर टाकायचं माझ्या जिवावर आलं. मी खरं नाव सांगितलं. पुष्पाबाई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला वाचवलंच.

गुरुजींची आठवण झाली. अशा वेळी लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला जरा बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धुडकू सकाळी गेला. आंघोळ घालताना बायका म्हणाल्या, नखांतला रंग निघत नाही. जयश्रीने बराच वेळ चोळून पाहिलं. मग मीच म्हटलं, राहू दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मॅनेजर छगनभाईंनी आत बोलावलं. खुर्ची दिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला. मग दवाखान्याचा कागद आणि माझं मस्टर शेजारी शेजारी ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "महेताजी, कागळमां धुडकू छे. मस्टरमां सुकदेव छे. सुकदेव तो जीवे छे. तो आपणे त्यां मर्युं कोण?"

मी दवाखान्यात सुकदेव सांगितलं असतं तर कारखान्याचा माणूस कारखान्यात भाजला असं झालं असतं. पुढे मरणाच्या कागदाचा घोळ झाला असता, पण तो निस्तरता आला असता. मी खरं सांगितलं, त्यामुळे आता कारखान्यात कुणी मेलंच नाही. धुडकू नावाचा एक माणूस भावाला भेटायला आला होता आणि मना केलं असतानाही मशीनजवळ गेला. छगनभाईंनी हे सगळं गुजरातीत टाइप करूनच ठेवलं आहे. खाली माझं नाव, सहीसाठी जागा सोडलेली.

१५ डिसेंबरला सरकारी चौकशीचे साहेब येणार आहेत. त्याच्या आत सही हवी. धमकी एका शब्दाने दिली नाही. एवढंच म्हणाले, तुमची खोली आता रंगवून घेऊ, मुलगी सुषमा मोठी झाली, एक पडदी टाकून देऊ मध्ये. म्हणजे खोली कुणाची आहे ते कळलं.

विचार करतो म्हणून उठलो. बदली माणूस मीच उभा राहू दिला, नाव मीच सांगितलं, आणि आता ही सहीही माझीच. दुसऱ्या कुणाला दोष द्यावा तर माणूसच सापडत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुकदेव आला. छगनभाईंनी गावी माणूस पाठवून आणवला. डोकं भादरलेलं, भावाचं सुतक अजून फिटलेलं नाही. आज पहिल्या पाळीला जेट मशीनवर उभाही राहिला. काथ्या काढून नवी कडी बसवली आहे. बिल्ला धुऊन त्याला परत दिला.

तो सांगणार आहे की १८ तारखेला मशीनवर आपणच होतो. मी संतापून म्हटलं, अरे, तो तुझा भाऊ होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "व्हता ना. माले का दुख नही? पन मी खरं सांगं तं जागा जाई. घरमा सात माणसं शेतस. धुडकू काय माघारी येवाव नही." मग त्याने विचारलं, "तुम्हीन काय सांगशात?"

मी म्हटलं, बघतो. त्याने मान हलवली. त्याला माझं उत्तर कळलं असावं असं मला उगाच वाटलं. मी अजून काहीच ठरवलेलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

विठ्ठलरावांनी गुरुजींचं चरित्र आणून दिलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं आहे, अडीचशे पानांचं. भाषणासाठी टिपणं काढायला बसलो. सगळीकडे गुरुजी ताठ उभे. नोकरी सुटली, ताठ. मुलगा तापाने गेला, ताठ. पुरस्कार परत पाठवला, ताठ. वाचता वाचता मला चक्क राग आला. असा माणूस वर्गात शिकवायला नकोच होता. आमच्यासारख्यांना मोजायला तो माप देऊन गेला आणि आम्ही कायम कमी भरणार.

मग मी गुरुजींच्या बायकोला शोधलं. अडीचशे पानांत तीनदा सापडल्या. गिरणी त्या चालवायच्या. पहाटे उठून पट्टा चढवायच्या. 'त्यांनी कधीही तक्रार केली नाही,' असं लेखक लिहितो. विचारलं होतं का त्यांना कुणी? गुरुजींनी खोटी हजेरी नाकारली आणि पीठ बाईंच्या अंगावर उडत राहिलं. हे भाषणात सांगितलं तर विठ्ठलराव माइक काढून घेतील.

हे मी जयश्रीला करायला लावणार नाही. एवढं मात्र आज पक्कं कळलं. ती दोन दिवस कसली गप्प गप्प आहे. काल तिने पत्र्याची पेटी रिकामी करून उन्हात टाकली. लोणच्याच्या बरणीचं तोंड फडक्याने घट्ट बांधून ठेवलं. आज विचारत होती, शिरपूरला मामाच्या शाळेत सुषमाले मधेच घेतीन का? मी म्हटलं, असलं काही मनात आणू नकोस, आपल्याला कुठेही जावं लागणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. फार घाबरली आहे बिचारी.

७ डिसेंबर, रविवार

भाषणाचं पहिलं पान सहा वेळा लिहिलं. गुरुजींचं एक वाक्य सारखं डोक्यात घोळतं. चौकशीत साहेबाने विचारलं, एवढ्याशा हजेरीसाठी नोकरी घालवता? ते म्हणाले होते, "पोरगं वर्गात नाही हे मी लिहिलं नाही, तर ते कुठे आहे हे कुणी विचारणारच नाही."

त्या एकतीस पोरांत मी होतो. मी कुठे आहे हे माझ्या आयुष्यात एकाच माणसाने लिहून ठेवलं. सुरतेत आलो तर तीन वर्षं मी आनंदा.

आज दुपारी पुष्पाबाई आमच्याकडे जेवली. रोजच जेवते. जयश्री तिच्या पोराला खेळवत होती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मी गेलो की थांबायच्या. बायकांचं काहीतरी असेल. पुष्पाबाईने मला एवढंच विचारलं, "भाऊ, सायेब येई तवय माले काय सांगनं पडी?" मी म्हटलं, जे आहे ते. तोंडातून आपसूक गेलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सही केली.

छगनभाई म्हणाले, पुष्पाबाईही तयार आहे. तिने अंगठा दिला की तिला फोल्डिंग खात्यात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळेल, खोलीही राहील. तुम्ही अडून बसलात तर तिचंच नुकसान. हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला लिहू. मनात म्हटलं, धुडकू परत येणार नाही, निदान त्याच्या बायकोपोराला छप्पर राहील. गुरुजींपुढे असा पेच कधी आला नव्हता. त्यांना फक्त स्वतःचं घालवायचं होतं.

माझं पेन चाललं नाही. छगनभाईंनी स्वतःचं दिलं. इतकी वर्षं मस्टरवर गुजरातीत सही करतो आहे. आज का कोण जाणे, मराठीत झाली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, चालशे.

जयश्रीला सांगितलं नाही. सोमवार एकदाचा पार पडू दे.

१४ डिसेंबर, रविवार

भाषण झालं. फार चांगलं झालं.

वाचनालयात सत्तरएक माणसं होती, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली. गुरुजींच्या फोटोला झेंडूचा हार. मी कागद हातात धरून उभा राहिलो. पण एकतीस पोरांचं सांगायला लागलो आणि मला खडीचा तो वासच आला. कागद बाजूला ठेवला. म्हणालो, त्या मस्टरमधलं माझ्या नावापुढचं 'गैरहजर' हे माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं पहिलं खरं वाक्य. म्हणालो, आपण सगळे इथे दुसऱ्याच्या नावावर जगणारी माणसं. आपल्यातला एखादा जरी म्हणाला, की हा इथे होता, मी याला पाहिलं, तरी गुरुजींचं ऋण फिटेल. समोरची म्हातारी माणसं डोळे पुसत होती. बोलताना मला एकदाही शुक्रवार आठवला नाही. हे लिहिताना आत्ता आठवतो आहे.

पुष्पाबाई पुढेच बसली होती, जयश्रीच्या मांडीला मांडी लावून. संपल्यावर तिने पोराला माझ्या पायावर घातलं. विठ्ठलराव म्हणाले, भाषण छापायचं.

येताना टेम्पोत जयश्री माझ्या शेजारी बसली. तिने माझा हात हातात घेतला. चारचौघांत तिने असं कधी केलेलं नाही. मी हात सोडवला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

साहेब अकराला आले. सुकदेवचं झालं. मग पुष्पाबाईला बोलावलं. छगनभाईंनी शाईचा पॅड उघडून ठेवला होता.

तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "मी अंगठा देवाव नही. मना मालक अठेच काम करे. त्याच मशीनवर, त्या पाळीमा. मेताजीले इचारा. त्यासले समदं ठावं शे."

शनिवारपर्यंत ती अंगठा द्यायला तयार होती. हे छगनभाईंनी मला नंतर सांगितलं, दात ओठ खात. तिचं मन रविवारी फिरलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती तर अशी बघत होती, जशी दवाखान्याच्या खिडकीशी बघितली होती. साहेबांनी कागद उचलला आणि माझा जबाब वाचला, गुजरातीत. तिला काही कळलं नाही. साहेबांनी विचारलं, हिला हिच्या भाषेत कोण समजावून सांगेल? छगनभाई म्हणाले, महेताजी छे ने.

मीच सांगितलं. अहिराणीत. धुडकू आमच्याकडे कामाला नव्हता. भावाला भेटायला आला. मना केलं होतं. हे मी पाहिलं. अशी चार वाक्यं. माझी आई ज्या बोलीत मला जेवायला हाक मारायची त्या बोलीत सांगितली. तिला एकदाही 'काय?' म्हणून विचारावं लागलं नाही, इतकी स्वच्छ सांगितली.

ती रडली नाही, भांडली नाही. तिने विचारलं, "हाई सही तुमनी शे?" मी हो म्हटलं. "कवय कई?" शुक्रवारी, म्हटलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. मग पोराला कडेवर घेऊन निघून गेली.

१६ डिसेंबर, मंगळवार

जयश्री कालपासून बोलली नव्हती. आज दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा ताट पुढे ठेवून म्हणाली, "तुम्हीन माले येकदा तरी इचारं का?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. सुषमासाठी. तू घाबरली होतीस, पेटी काय धूत होतीस, शाळेचं काय विचारत होतीस.

"मी बांधाबांध करी राहिंथू," ती म्हणाली. "तुम्हीन खरं सांगशात तं खोली जाई, हाई माले ठावं व्हतं. म्हनीसन पेटी धुयी. मामाले पत्र लिखं, त्यानं उत्तरबी वनं. पुष्पाले मीच म्हनलं, अंगठा दिऊ नको, आमना मानूस शे ना."

तिने मांडणीखालून मामाचं पत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. या, म्हणून लिहिलं होतं. ती उठून मांडणीपाशी गेली. पितळी डबे कागदात गुंडाळून पेटीत ठेवलेले होते. ते एकेक काढून तिने पुन्हा फळीवर मांडले. मोठ्यापासून लहानापर्यंत, होते तसे.

२१ डिसेंबर, रविवार

पुष्पाबाईला खोली सोडायला सांगितलं होतं. आज गेली. उधना स्टेशनवरून भुसावळची गाडी. सामान म्हणजे एक गाठोडं आणि स्टोव्ह.

निघण्याआधी आमच्या दाराशी आली. आत आली नाही. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भाऊ, येक काम करा. पोऱ्या मोठा व्हई तं इचारी, मना बाप सुरतमा काय करे. त्यासनं नाव लिखेल येखादा कागद द्या. काम करे असा. कोर्टकचेरीले नही. घरमा ठेवाले."

मी म्हटलं, असा कागद नाही. मस्टरमध्ये नाव नाही, बिल्ल्यावर नाही, कुठेच नाही.

मागून जयश्री म्हणाली, "तुमनी वहीमा व्हई ना."

त्या पानावर तारीख आहे. अपघाताच्या सहा दिवस आधीची. मशीन आहे, पाळी आहे, माझं अक्षर आहे. ते पान पुष्पाबाईच्या घरात राहणार नाही, उद्या कुणीतरी शहाणा वाचेल आणि साहेबापुढे ठेवेल. मग शुक्रवारच्या सहीचं काय? मी म्हटलं, ती वही खासगी आहे, तिच्यात तसलं काही नाही.

जयश्रीने मान खाली घातली. पुष्पाबाई जरा वेळ थांबली, मी मत बदलेन म्हणून नव्हे, पोराचं टोपडं सुटलं होतं ते बांधायला. मग निघाली. जयश्री तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेली. मी गेलो नाही.

४ जानेवारी १९९८, रविवार

विठ्ठलराव छापलेलं भाषण घेऊन आले. आठ पानांचं, वर गुरुजींचा फोटो, खाली माझं नाव. पंचवीस प्रती तुमच्याकडे ठेवा, म्हणाले, कारखान्यात वाटा. मी त्या खाटेखाली सरकवल्या.

सुकदेव धुडकूच्या दीड महिन्याच्या कार्यासाठी गावी गेला आहे. त्याच्या जागी कालपासून कुणीतरी उभा आहे, त्याचा मेहुणा असावा. खिडकीशी येऊन नाव सांगायला लागला. मी म्हटलं, नाव नको, बिल्ला दाखव. २१४, सुकदेव, हजर.

दुपारी ही वही काढली तर तिच्यावर एक पाकीट ठेवलेलं होतं. पुष्पाबाईच्या गावचा पत्ता, सुषमाच्या अक्षरात. तिकीट लावलेलं. आत काही नाही. जयश्री दाराशी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. ती आता माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. वरणात मीठ मात्र बरोबर असतं.

सगळी वही पहिल्यापासून वाचली. गुरुजींनी लिहिली तशी लिहायची होती. एका बाबतीत जमली, माझं सगळं वाईट तिच्यात आहे. पहिल्याच पानावर लिहिलं आहे, उद्या कुणी मागितली तर देता यावी. मागणारी दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिला सगळी नको होती, एकच पान हवं होतं.

मग बारा नोव्हेंबर काढलं. धुडकू. आज हजर. पान शिवणीपाशी दुमडून पाहिलं, सहज निघेल असं आहे, मस्टरचा कागद जुना झाला आहे. बराच वेळ बोट तिथे ठेवून बसलो. बाहेर जयश्रीचं सूप थांबलं होतं.

पाकीट त्याच पानात ठेवलं आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली, ती हे लिहायला. सूप परत सुरू झालं आहे.